गोळ्या थांबवाव्यात का? तुमचे अनुभव लिहा

मी सात-आठ वर्षं डिप्रेशनसाठी एस्सिटॅलोप्रामची गोळी घेतेय. बरी आहे. डॉक्टर म्हणतात, हवं तर कमी करून बघू, घाई नाही. इंग्लंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2021 साली आले: माझ्यासारख्या बऱ्या असलेल्यांपैकी ज्यांच्या गोळ्या थांबवल्या, त्यातल्या 56 टक्क्यांना वर्षभरात डिप्रेशन उलटलं, चालू ठेवलेल्यांत 39 टक्क्यांना. म्हणजे गोळीची खात्री नाही आणि सोडण्याचीही नाही! ज्यांनी थांबवल्या, किंवा थांबवता थांबवता राहिले, त्यांनी लिहा. उपदेश नको.

रात्रपाळी: माझी व्हेनलाफॅक्सिन, तीही डिप्रेशनचीच गोळी. गावी लग्नाला गेलो आणि तिथल्या मेडिकलमध्ये मिळेना. दुसऱ्याच दिवशी गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात करंट, भलती स्वप्नं, चिडचिड. बायको घाबरली, परत सुरू झालं म्हणाली. गोळी मिळाल्यावर लगेच उतरलं. डॉक्टर म्हणाले, असं झटकन येतं आणि गोळी घेताच जातं ते बहुधा औषध तुटल्याचं. आजार उलटतो तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी, महिन्यांनी.

शेवंता: माझ्या बंद झाल्या. 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आले ते कळलंसुद्धा नाही. खरा घाम फुटला 5 वरून खाली येताना. थोड्याशा डोसचाही मेंदूवर बराच परिणाम असतो, म्हणून शेवटचे मिलिग्रॅम सगळ्यात सावकाश सोडायचे, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून टिकले.

कोकणी_आजी: मी सोडणार नाही. मागच्या वेळी उलटलं तेव्हा ॲडमिट व्हावं लागलं होतं. वजन वाढलंय, इच्छा-बिच्छा मेल्यात, तरी परवडलं. जाऊबाई विचारतात, "अजून चालूच?" हो, चालूच.

तात्पुरता: पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. माझ्या एकाच गोळीत क्लोनाझेपामही (चिंता कमी करणारं, सवय लागणारं औषध) होतं. ते एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. डॉक्टरांनी आधी दोन्ही औषधं वेगळी करून दिली, मग एकेक कमी केलं.

धागाकर्ती: आभार. लेकीची बारावी होईपर्यंत हात लावत नाही. मग डॉक्टरांसोबत बसून ठरवेन. पहाटे तीनला जाग यायला लागली की माझं बिनसतंय, हे नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवलंय.