माहितीपट, बंदूक, धास्ती, पक्षपात: नेमके शब्द हवेत

भाषांतरवाली: आमच्या चित्रपट मंडळात 'बोलिंग फॉर कोलंबाइन' दाखवायचा आहे. मायकेल मूरचा, 2002 चा, कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडावरून अमेरिकेतल्या बंदुकांकडे बघणारा, ज्याला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं तो. सभासदांसाठी मराठीत दोन पानी टिपण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि चार शब्दांवर गाडी अडलीय: डॉक्युमेंटरी, गन व्हायोलन्स, कल्चर ऑफ फिअर, बायस. सध्या माहितीपट, बंदूक हिंसाचार, भीतीची संस्कृती आणि पक्षपात असं लिहून ठेवलंय, पण वाचताना सरकारी परिपत्रक वाटतं. सुचवा काहीतरी.

जुना संकलक: 'माहितीपट' आता इतका रूढ झालाय की तो बदलता येणार नाही, पण शब्द फसवा आहे. माहिती म्हटलं की वाचणारा धरून चालतो, समोर येईल ते तपासलेलं आणि तटस्थ असणार. पूर्वी 'अनुबोधपट' म्हणायचे. मुख्य सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा लागायचा आणि निम्मं थिएटर तोवर बाहेर बटाटेवडा खात असायचं. कंटाळवाणा असेल, पण आपण काहीतरी गळी उतरवायला आलोय हे त्याच्या नावातच कबूल होतं. इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळही 'शिकवणे' हेच. जॉन ग्रिअर्सनने 1926 साली रॉबर्ट फ्लाहर्टीच्या 'मोआना' या चित्रपटावर लिहिताना तो वापरला आणि पुढे त्याची जी व्याख्या त्याच्या नावावर रूढ झाली ती आहे 'वास्तवाची सर्जनशील हाताळणी'. हाताळणी, ताई! नुसती नोंद नव्हे.

याच फ्लाहर्टीचा आधीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ', 1922 चा, उत्तर कॅनडातल्या इन्युइट लोकांवरचा. नायकाचं नाव नानूक नव्हतंच, अल्लाकारिआल्लाक होतं. इग्लूत कॅमेरा मावेना, उजेड पुरेना, म्हणून एका बाजूने उघडा असा इग्लू खास बांधून घेतला. आणि तुमच्या विषयाला लागूनच सांगतो: तिथले लोक तोवर शिकारीला बंदुका वापरू लागले होते, पण फ्लाहर्टीने त्यांना जुन्या पद्धतीने हार्पूनने शिकार करायला लावलं. या प्रकारातल्या पहिल्या गाजलेल्या चित्रपटातच बंदूक चौकटीबाहेर ठेवलेली आहे. तेव्हा 'माहितीपट' लिहा, पण मूरबद्दल लिहिताना एखाद्या वाक्यात 'हा बाजू मांडणारा माहितीपट आहे' असं स्पष्ट म्हणा.

घाटकोपर: बंदूक नव्हती तर निदान घोडा तरी होता का? (मुंबईबाहेरच्यांसाठी: घोडा म्हणजे पिस्तूल.)

सावंतवाडीकर: घाटकोपरवाल्यांनी थट्टेत म्हटलं, पण मुद्दा तिथेच आहे. मराठीत बंदूक म्हणजे लांब नळीची, खांद्याला लावायची. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती बऱ्याच घरांत असते, रानडुकरं आणि वानरांसाठी. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची. तिला कुणी पिस्तूल म्हणणार नाही आणि कमरेला खोचलेल्या गावठी कट्ट्याला कुणी बंदूक म्हणणार नाही. इंग्रजी 'गन' दोन्ही एका घासात गिळते.

आता चित्रपटातला युक्तिवाद बघा. कॅनडातही गन भरपूर, तरी तिथे खून कमी. म्हणजे दोष गनचा नाही, अमेरिकेतल्या भीतीचा. ऐकायला बिनतोड. पण कॅनडातल्या घरांत असतात त्या मुख्यतः शिकारीच्या रायफली आणि शॉटगन. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची नोंदणी तिथे 1934 पासून सक्तीची आहे आणि चित्रपट आला तेव्हाही ती मिळवणं मुळीच सोपं नव्हतं. अमेरिकेत गोळी घालून केलेल्या ज्या खुनांत हत्याराचा प्रकार कळतो, त्यांत बहुतेक वेळा पिस्तूल असतं. मूरने 'गन' म्हणून सगळं एका टोपलीत टाकलं. तुम्ही मराठीत एकीकडे 'बंदूक' आणि दुसरीकडे 'पिस्तूल' लिहिलंत की ती टोपली आपोआप सांडते.

'हिंसाचार'ही नको. हिंसाचार म्हटलं की आपल्याला जमाव, दगडफेक, जाळपोळ दिसते. 2021 साली अमेरिकेत गोळी लागून 48,830 माणसं गेली. त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. 'बंदूक हिंसाचाराचे बळी' वाचून ही माणसं कुणाच्या डोळ्यांसमोर येतील?

भाषांतरवाली: 'गोळीबारातले बळी' कसं वाटतं?

सावंतवाडीकर: गोळीबार म्हणजे कुणीतरी कुणावर तरी केलेला. आत्महत्या पुन्हा बाहेरच राहिल्या. 'बंदूक-पिस्तुलांचे बळी' लिहा. ओबडधोबड आहे, पण सगळे येतात.

जुना संकलक: सावंतवाडीकर, पटलं. याच ओघात वर्तमानपत्री साच्याबद्दलही लिहितो, कारण ताई कोलंबाइनच्या घटनेवर एक परिच्छेद लिहिणारच आणि हात सवयीने 'माथेफिरू तरुणांचा शाळेत अंदाधुंद गोळीबार' असं लिहून जाईल. यातला प्रत्येक शब्द चुकीचा आहे. 20 एप्रिल 1999, कोलोरॅडो. बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले, मग दोघा हल्लेखोरांनी स्वतःला संपवलं. पण कट वर्षभर शिजत होता. मूळ बेत नुसत्या गोळीबाराचा नव्हताच. जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात प्रोपेनच्या टाक्यांचे दोन बॉम्ब फुटणार होते आणि बाहेर पळणाऱ्यांना गोळ्या घालायच्या होत्या. बॉम्ब फुटले नाहीत, म्हणून दोघे आत शिरले. यात अंदाधुंद काय? आणि 'माथेफिरू' हे तर निदान झालं. पोलिसांचा पंचनामा व्हायच्या आत बातमीदाराने करून टाकलेलं.

तिथल्या पत्रकारांनीही तेच केलं. मुलं काळ्या कोटवाल्या टोळीतली, खेळाडूंनी छळलेली, त्यांचा सूड घेणारी, ही गोष्ट दिवसाभरात ठरून गेली. तपासात ती टिकली नाही, पण आजही लोकांना तीच ठाऊक आहे. आणि गंमत म्हणजे मूरच्या चित्रपटाचं नावही अशाच एका ऐकीव गोष्टीवर उभं आहे: दोघे त्या सकाळी बोलिंगच्या तासाला गेले होते. पुढे पोलिसांच्या तपासात निघालं की त्या दिवशी ते तिकडे फिरकलेच नव्हते.

जर्सीतून: मी तिसऱ्या शब्दाबद्दल लिहिते, इथे न्यू जर्सीत तो रोजचा आहे माझ्या. 'भीतीची संस्कृती' नको. मराठीत भीतीच्या छटा इतक्या आहेत की इंग्रजीची उसनवारी कशाला? दहशत दुसरा बसवतो. धसका घडून गेल्यावर घेतो आपण. बाऊ म्हणजे लहानशा गोष्टीचं मोठं करणं. आणि धास्ती, जी काही घडण्याआधीच पोटात बसते. चित्रपटात समाजशास्त्रज्ञ बॅरी ग्लासनर जे सांगतो, की खुनांचं प्रमाण 20 टक्क्यांनी घटलं आणि टीव्हीच्या राष्ट्रीय बातम्यांत खुनाच्या बातम्या मात्र 600 टक्क्यांनी वाढल्या, त्याचं फळ म्हणजे धास्ती. त्याच्या आधी माध्यम-संशोधक जॉर्ज गर्बनर हेच मोजत होता: जो जास्त टीव्ही बघतो त्याला जग आहे त्यापेक्षा जास्त दुष्ट वाटतं.

इथवर मूरशी सहमत. पुढे नाही. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा शाळेत लॉकडाऊन ड्रिल झालं, बंदूकधारी आत शिरला तर लपायची तालीम. दिवे बंद, पडदे खाली, सगळी मुलं दारातून दिसणार नाहीत अशा भिंतीला टेकून गप्प. बाईंनी सांगितलं होतं, बुटांच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांवर हात ठेवा. घरी आल्यावर तिने आजीला फोनवर सांगितलं, आज लॉकडाऊन होतं. आजी म्हणाली, परत करोना आला की काय गं? मला समजावून सांगता येईना. 2020 पासून इथे अमेरिकेत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण गोळी आहे, अपघातातली गाडी मागे पडली. तेव्हा टिपणात 'धास्ती' जरूर लिहा, पण 'माध्यमांनी केलेला बाऊ' लिहू नका. धास्तीला कारण असू शकतं, बाऊला ते फारसं नसतं.

घाटकोपर: बुटांचे दिवे. बापरे.

भाषांतरवाली: जर्सीताई, 'धास्ती' पक्का. 'धास्तावलेला समाज' असं करते, संस्कृती कापली. आता पक्षपात.

जुना संकलक: पक्षपात हा पंचांचा, न्यायाधीशांचा, फार तर वर्गशिक्षकांचा दोष. ज्याने तटस्थ राहायचं कबूल केलंय त्यानेच तो करायचा. मूरने तसं कबूल कधी केलं होतं? तो वकील आहे, आणि वकील आपल्या अशिलाच्या बाजूने बोलला तर आपण त्याला पक्षपाती म्हणत नाही. पूर्वग्रह म्हणाल तर तो मनातला असतो, माणसाला स्वतःलाही कळत नाही. मूरचं सगळं जाणूनबुजून. 'एकांगी' जवळचा आहे, आणि चित्रपट एकांगी आहे यात मला काही गैर वाटत नाही.

पण एकांगीपणा वेगळा आणि कापाकापी वेगळी. चार्लटन हेस्टन, बंदूकवाल्यांच्या संघटनेचा तेव्हाचा अध्यक्ष. कोलंबाइनची दृश्यं संपतात आणि लगेच तो बंदूक उंचावून गर्जतो, माझ्या थंडगार मेलेल्या हातांतूनच काढून घ्या. मागोमाग मूरचा आवाज येतो की हत्याकांडानंतर अवघ्या दहा दिवसांत हेस्टन कोलंबाइनजवळच्या डेन्व्हरला आला. बघणारा काय समजणार? गर्जना डेन्व्हरचीच. प्रत्यक्षात ती मे 2000 मधली, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटची, म्हणजे वर्षभरानंतरची. डेन्व्हरची सभा आधीपासून ठरलेली होती, संघटनेने बाकीचे कार्यक्रम रद्द करून कायद्याने घ्यावीच लागणारी तेवढी बैठक घेतली. मी आयुष्यभर हेच काम केलं. एक कट इकडचा तिकडे लावला की माणसाच्या तोंडी वेगळा प्रसंग घालता येतो, हे टेबलावर बसणाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळतं. चुकून होत नाही ते.

सावंतवाडीकर: मग 'बनाव' म्हणा ना सरळ.

जुना संकलक: बनाव म्हणजे न घडलेलं घडवलेलं. इथे दोन्ही भाषणं खरी आहेत, सांधा खोटा आहे. हेस्टनसाठी 'दिशाभूल' पुरे. 'बनाव' मी दुसऱ्या जागेसाठी राखून ठेवेन: 1988 च्या एका प्रचार-जाहिरातीच्या दृश्यावर मूळ जाहिरातीत नसलेली ओळ तिच्यातलीच वाटेल अशी चढवली. बरं, ती ओळही चुकीची निघाली, डीव्हीडीत बदलावी लागली.

जर्सीतून: 'मास शूटिंग'चं काय करताय? इथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात परवा 'सामूहिक गोळीबार' वाचलं.

सावंतवाडीकर: नको नको. सामूहिक म्हणजे समूहाने मिळून केलेलं. सामूहिक कॉपी, सामूहिक राजीनामे. वीस जण रांगेत उभे राहून गोळ्या झाडतायत असं वाटतं. 'हत्याकांड' चालेल, पण त्यात माणसं मेलेली असावी लागतात. तिथली एक मोजणी चार जणांना गोळ्या लागल्या तरी, एकही मेला नाही तरी, घटना धरते. दुसरीला चार मेलेले लागतात. म्हणून आकडे कधीच जुळत नाहीत. ताई, आकडा देणार असाल तर एका शब्दावर भागवू नका, 'हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त जणांना गोळ्या लागलेल्या घटना' असं पूर्ण लिहा. एक ओळ जास्त जाईल.

भाषांतरवाली: जाऊ दे. तिसरं पान घेते.