नोकरी सोडायची, पण घराचा हिशोब मांडून

मी: फोनवर बोलायला गेले की आवाज भरून येतो, म्हणून इथेच, घरच्या ग्रुपवर लिहिते. नोकरी सोडून शिक्षिका होण्यासाठी बी.एड. करायचं मनात आहे. पुरवठादारांची बिलं जुळवण्यात ११ वर्षं गेली. काम वाईट नाही, पण माझं मन त्यात उरलेलं नाही. वर्षभर दर शनिवारी सोसायटीतल्या दोन-तीन मुलांना गणित शिकवतेय. परवा सहावीतल्या मुलीला ऋण संख्या काही केल्या कळेनात. तिला लिफ्टमध्ये घेऊन गेले. आमच्याकडे पार्किंगचे मजले उणे १, उणे २ असे लिहिलेत. चौथ्या मजल्यावरून सहा मजले खाली गेलं तर कुठे? तिने बटणांवर बोट ठेवत मोजलं आणि ओरडलीच, "उणे २!" असा आनंद मला ऑफिसात एकदाही झालेला नाही. तुम्हाला काय वाटतं?

छोटू: ताई, सोड. माझ्याकडून दहावीचं गणित तूच करून घेतलंस.

आत्या: बाळा, घाई नको. १९८२ च्या संपात ह्यांची गिरणी बंद पडली ती परत उघडलीच नाही. दोन वर्षं मी शिलाई मशीनवर घर चालवलं. पगार येत असतो तोवर त्याची किंमत कळत नाही.

आई: हिचा डबा रोज अर्धा परत येतो. मीच घासते, म्हणून मला माहीत.

मोठे काका: डब्याचं वाचून वाईट वाटलं. पोरी, सोड, पण रागाने सोडू नकोस. आधी आकडे टाक. नोटीस किती दिवसांची तेही सांग.

मी: माझा पगार हातात ५२,०००. त्यात बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून ३०,०००. ह्यांचा ४८,०००. घरखर्च ३४,०००, कर्जाचा हप्ता २१,०००. एफडी ३ लाख ४० हजारांची. नोटीस ६० दिवस.

मोठे काका: खर्च ५५,०००, तुझ्या नवऱ्याचे ४८,०००, म्हणजे महिन्याला ७,००० कमी पडतात. बी.एड.च्या दोन वर्षांचे झाले १,६८,०००. आता तुझी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी सेवेच्या वर्षांप्रमाणे देते ती रक्कम. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. ३०,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ११ वर्षं. साधारण १ लाख ९० हजार. कंपनीने ती ३० दिवसांत द्यायला हवी. त्यात घराची तूट निघते, पण तेवढीच. फी त्यात धरलेली नाही. एफडीला हात लावायचा नाही, ते सहा महिन्यांचं घर आहे.

पीएफ काढू नकोस. खात्यात राहू दे, २०२४-२५ ला ८.२५ टक्के व्याज होतं. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर टॅक्स लागतो, तेवढं रिटर्नमध्ये दाखवायचं. तुझी १० वर्षं भरलीत, म्हणून पीएफमधला पेन्शनचा भाग तसाही रोख मिळत नाही. त्याचं स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे भरलेल्या वर्षांचा दाखला, घेऊन ठेव, ५८ नंतर पेन्शन सुरू होईल.

मला खरी काळजी वेगळीच आहे. तुझे बाबा तुझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत ना?

मी: हो. आईपण.

मोठे काका: मग ते आधी. तुझ्या शेवटच्या दिवसाबरोबर ते कव्हर संपतं. बाबांना शुगर आहे, अँजिओप्लास्टी झालेली आहे. नवी पॉलिसी काढलीस तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीची वर्षं धरली जातात. मात्र नोकरीवर असतानाच एच.आर.कडे विचारून अर्ज टाकायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. आणि टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा जीवन विमा, स्वतःचा घे, हातात सॅलरी स्लिप आहे तोवर. नंतर उत्पन्नाचा पुरावा मागतील तेव्हा काय देशील?

मी: काका, हे मला सुचलंच नव्हतं. मी फक्त फी आणि हप्त्याचा विचार करत होते.

आत्या: आणि बी.एड. झाल्यावर? लगेच शाळा मिळेल?

मी: सांगता येत नाही. आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागेल. सुरुवातीचा पगार आत्ताच्या निम्मा असेल असंच धरलंय.

आत्या: मग आहे तशी तूट तिसऱ्या वर्षीही राहील असं समजून चाल. मी मोडता घालत नाही गं. तेव्हा मला विचारायलाच कुणी नव्हतं.

मोठे काका: आत्याचं बरोबर आहे. म्हणून एक कर. पुढचे सहा महिने तुझ्या पगारातले फक्त ७,००० घरात घे, ४५,००० वेगळ्या खात्यात. सहा महिन्यांत २ लाख ७० हजार होतील. फी आणि प्रीमियम त्यातून. जमलं तर नंतरही जमेल, नाही जमलं तर नोकरीवर असतानाच कळेल. बी.एड.ची सीईटी (प्रवेश परीक्षा) दे, प्रवेश पक्का झाला की मगच राजीनामा. नोटीसच्या ६० दिवसांचं काय करायचं ते तेव्हा कंपनीशी बोलून ठरव. तोवर ऑफिसात एक शब्द बोलू नकोस.

मी: ह्या महिन्यापासूनच करते.

आई: उद्या डब्यात भरली वांगी देते.

मोठे काका: रविवारी सकाळी ये. पीएफचं पासबुक, तीन महिन्यांच्या स्लिपा आणि मेडिक्लेमचं कार्ड आण.

आत्या: मीही येते. शिलाईचे पैसे मी ज्या वहीत लिहायची ती अजून आहे. हिला दाखवायची आहे.