तीन रकाने एका उंचीचे होत नाहीत, मदत हवी आहे

गावातल्या वाचनालयासाठी वेबसाइट करते आहे. 'नवीन पुस्तकं' या पानावर शेजारी शेजारी तीन रकाने आहेत. प्रत्येकात मुखपृष्ठ, पुस्तकाचं नाव, थोडा परिचय आणि खाली 'राखून ठेवा' हे बटण. ज्याचा परिचय मोठा, तो रकाना लांब होतो. बाकीचे दोन वरच संपतात आणि त्यांचा फिकट पिवळा रंगही तिथेच तुटतो.

सीएसएसमध्ये (पानाची मांडणी आणि रूप ठरवणारी भाषा) रकान्यांना फ्लोट: लेफ्ट, म्हणजे डावीकडून शेजारी शेजारी लावणं, दिलं आहे. हाइट: १००% देऊन पाहिली, काहीच झालं नाही. मग ४२० पिक्सेल दिली. लॅपटॉपवर छान दिसलं, पण आमचे बरेच वाचक वयस्कर आहेत, मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचतात. त्यांच्याकडे मजकूर चौकटीबाहेर सांडला. म्हणून ठरावीक उंची नकोच आहे. एवढ्यासाठी जावास्क्रिप्ट घालणंही जिवावर येतं. काय करू?

प्रतिसाद: टक्केवारी बाहेरच्या चौकटीच्या उंचीवरून काढली जाते आणि तुमच्या त्या चौकटीची उंची ऑटो, म्हणजे आतल्या मजकुराप्रमाणे ठरणारी, असणार, म्हणून १००% ला अर्थ उरत नाही. फ्लोट आणि हाइट दोन्ही काढा, बाहेरच्या चौकटीला डिस्प्ले: फ्लेक्स (आतल्या चौकटी एका ओळीत मांडणारी पद्धत) द्या. फ्लेक्समध्ये रकाने आपसूक सगळ्यांत उंच रकान्याएवढे ताणले जातात. फक्त अलाइन-आयटम्स: सेंटर वगैरे कुठे लिहिलेलं नाही ना, ते बघा, त्याने हे ताणणं थांबतं. फ्लोटच्या काळात हे खरंच अवघड होतं. २००४ मध्ये वेब डिझायनर डॅन सीडरहोम यांनी बाहेरच्या चौकटीला रकान्यांच्या रंगांचं पार्श्वचित्र देण्याची युक्ती मांडली, तीच कित्येक वर्षं सगळे वापरायचे.

मूळ प्रश्नकर्ती: झालं! रंग खालपर्यंत सलग आला, खूप आभार. पण बटणं अजून वरखालीच आहेत.

प्रतिसाद: प्रत्येक रकान्यालाही डिस्प्ले: फ्लेक्स आणि फ्लेक्स-डायरेक्शन: कॉलम (आतल्या गोष्टी एकाखाली एक) द्या, बटणाला मार्जिन-टॉप (वरची मोकळी जागा): ऑटो. उरलेली जागा बटणाच्या वर जाते आणि ते तळाशी बसतं. मुखपृष्ठ आडवं ताणलं गेलं तर त्याला अलाइन-सेल्फ: फ्लेक्स-स्टार्ट द्या.

दुसरा प्रतिसाद: एखाद्या पुस्तकाचं नाव दोन ओळींचं झालं तर त्या रकान्यातला परिचय खाली सरकेल. तेही एका रेषेत हवं असेल तर ग्रिड (आडव्या-उभ्या रेषांची जाळी) आणि सबग्रिड (आतल्या चौकटींनाही बाहेरच्याच जाळीच्या रेषा वापरू देणारी सोय) वापरा. क्रोममध्ये सबग्रिड सप्टेंबर २०२३ मध्ये, ११७व्या आवृत्तीत आलं. जुन्या ब्राउझरसाठी फ्लेक्स तसाच ठेवा आणि सबग्रिड ॲट-सपोर्ट्सच्या (ब्राउझरला ती सोय जमत असेल तरच लागू होणारा नियम) आत लिहा.

मूळ प्रश्नकर्ती: बटणं बसली. सबग्रिड आज रात्री करते. रोज येणाऱ्या एका आजोबांच्या मोबाइलवर ब्राउझर कधीच अपडेट केलेला नाही, उद्या त्यावरही उघडून बघते आणि इथे कळवते.