नववीतल्या लेकीला कॉन्सर्टला न्यावं का?

*ए-१०४:* नमस्कार मंडळी. जरा वेगळा प्रश्न आहे. आमची लेक नववीत आहे, दिवसभर प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकते, म्हणजे लांबलचक, मध्येच लय बदलणारी रॉक गाणी. पुण्यात तसला बँड आला की जायचंच म्हणते. एकटीला सोडायचा प्रश्नच नाही आणि मला त्यातलं काही कळत नाही. काय करावं?

*सी-५०१:* ताई, अभ्यासाचं वय आहे. आणि त्या आवाजानं पोरांचे कान जातील ओ.

*बी-३०२:* ताई, तुम्ही स्वतः बरोबर जा. २०१६ च्या डिसेंबरात पुण्याच्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाला स्टीव्हन विल्सन आला होता, पॉर्क्युपाइन ट्री बँडवाला. आमचा लेक तेव्हा दहावीत. घरात सगळ्यांचा विरोध, तरी घेऊन गेलो. वर्षभर तो माझ्याशी "हो", "नाही", "जेवलो" एवढंच बोलत होता. तिथं एका लांबलचक गाण्यात मध्येच लय बदलणार होती. त्याला ते आधीच ठाऊक. माझी बाही घट्ट धरून म्हणाला, "बाबा, आता ऐका." आणि खरंच सगळं बदललं! परत येताना टेंभुर्णीला चहाला थांबलो, तिथून सोलापूर येईपर्यंत पोरगं बोलतच होतं. कुठला वादक कधी कुणाकडं बघतो, ड्रमवाला कुठं थांबतो, सगळं. मला निम्मं कळलं नाही, पण माझी झोप पार उडाली होती.

सी-५०१ काका, कानांचं तुमचं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवलीय. म्हणून इयरप्लग दोघांनीही घालायचे आणि स्पीकरच्या भिंतीपासून लांब उभं राहायचं. आम्ही ध्वनिमिश्रणवाल्यांच्या टेबलामागं उभे होतो. तिथं आवाजही सगळ्यात नीट येतो.

*ए-१०४:* पण मला ते गाणं कळायला तर हवं ना भाऊ. नुसती उभी राहून काय करू?

*बी-३०२:* आधी घरी तिच्याबरोबर बघा. पिंक फ्लॉइड या बँडनं १९७१ मध्ये पॉम्पेईच्या प्राचीन रंगमंडलात एकही प्रेक्षक नसताना वाजवलेलं चित्रीकरण आहे. गर्दी नाही, त्यामुळं कोण काय वाजवतंय ते नीट दिसतं. मग त्यांचं १९७३ चं 'मनी' लावा. ते सातात आहे, म्हणजे सात मोजून परत एकपासून; मधला गिटारचा तुकडा मात्र चारात जातो.

*सी-२०१:* सातात? म्हणजे आपल्या रूपक तालाएवढ्या मात्रा. तीन-दोन-दोन. ती ती ना, धी ना, धी ना. आमच्या रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, टाळीऐवजी खाली (रिकामा हात) येते, ती गंमत वेगळी. पण सात मोजता आले की मुलीबरोबर तुमचीही मान डोलेल.

*बी-३०२:* आजोबा, एवढं सोपं करून मला २०१६ लाच कुणी सांगायला हवं होतं!

*सी-५०१:* बोर्डाच्या वर्षात नको, एवढंच माझं म्हणणं. नववीत जाऊन या.

*ए-१०४:* आत्ताच लावलं. लेकीनं माझ्या तळहातावर बोटानं सात मोजून दाखवले. चार वेळा चुकले, पाचव्यांदा जमलं. तिकिटं निघाली की दोन काढते. आजोबा, ती विचारतेय, तुमच्याकडं तबला आहे का?

*सी-२०१:* आहे की. संध्याकाळी सहाला वर पाठवा. शाई जरा उडालीय, पण वाजतो.