मदत हवी आहे: सायकल ट्रिपमध्ये भावोजींची बोटं बधिर झालीयेत, पुढे न्यावं का?

नमस्कार मंडळी, गुहागरहून लिहितेय, जिथे उतरलोय त्या घराच्या ओटीवर बसून, बाकी सगळे झोपलेत. आम्ही 6 जण डोंबिवलीहून निघालोय, भाऊच्या धक्क्यावरून रोरोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरलो आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचंय, आज पाचवा दिवस. ट्रिप आखली माझ्या भावोजींनी, वय 57, आमच्यात सगळ्यात जुने सायकलवाले, चढावर गियर कधी टाकायचा हे मला त्यांनीच शिकवलं. आणि प्रश्न त्यांचाच आहे.

त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तिसऱ्या दिवसापासून बधिर आहे. सांगितलं कोणालाच नाही. मला काल दुपारी हर्णैला शंका आली, बांगड्याचं ताट समोर आलं आणि हे म्हणाले मला मासे नकोत, वरणभात द्या, आणि चमच्याने जेवले. ज्या माणसाला बांगड्याचा काटा न मोडता अख्खा काढायची सवय त्याने हर्णैत येऊन वरणभात खावा? मग आज सकाळी लाडघरला घावणे होते, तर डाव्या हाताने तुकडा तोडत होते. आमच्याकडे डाव्या हाताने जेवत नाहीत, त्यांना तर ते अजिबात खपत नाही. माझी नजर गेली तसा हात मांडीवर घेतला. तेव्हा विचारलं तर म्हणाले मुंग्या आल्यात, होईल बरं.

बोटांपुरतं असतं तर इतकी घाबरले नसते. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना माहितीये, नकाशावर समुद्राच्या कडेकडेने दिसतो पण दर खाडीला खाली उतरायचं, फेरीने पलीकडे जायचं आणि परत सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) चढायचं. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, सगळीकडे तेच. चढाचं काही नाही, दम लागला की उतरून ढकलता येतं. उताराला हात लागतो. त्यांचे ब्रेक केबलवाले आहेत, जोर लावूनच दाबावे लागतात. आज दाभोळला जेट्टीकडे उतरताना मी मागे होते (कोणी मागे राहू नये म्हणून मी कायम शेवटी असते) आणि बघितलं तर उजवा ब्रेक ते दोन बोटांनी ओढतायत, लिव्हर मधेच सुटतोय, सायकल वेग घेतेय, वळणावर समोरून टेम्पो आला आणि त्यांनी डावा पाय रस्त्याला घासत सायकल थांबवली. चपराक बसल्यासारखं झालं मला. फेरीत ते शेंगदाण्याची पुडी सगळ्यांना वाटत होते आणि मी पाण्याकडे बघत उभी होते.

धोपाव्याला उतरल्यावर सायकल नीट बघितली. निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी सीट बदलून घेतली होती, ती पुढून खाली झुकलेली आहे, म्हणजे माणूस सारखा पुढे घसरणार आणि सगळा भार तळव्यांवर येणार. त्यात हँडल सरळ दांड्याचं, हाताची जागा बदलायला वावच नाही, आणि ग्लोव्हजमधलं जेल दाबून दाबून चपटं झालंय. करंगळीच्या बाजूने जी नस तळव्यात येते ती हँडलवर दाबली जाते असं वाचलंय, लांबच्या सायकलिंगमध्ये हे बऱ्याच जणांना होतं म्हणे. सीट आम्ही ॲलन कीने सपाट केली, हँडलवर बांधलेली बॅग काढून मागच्या कॅरियरवर टाकली, ब्रेकचे लिव्हर स्क्रूने हँडलच्या जवळ आणले. पण हे सगळं तिसऱ्या दिवशी व्हायला हवं होतं.

उद्याचा बेत वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळहून फेरीने जयगड आणि मुक्काम गणपतीपुळे. परवा आरेवारेचा घाट उतरून रत्नागिरी. ताईचा रोज रात्री फोन येतो, आज तिला मी सगळं ठीक आहे म्हणाले, पहिल्यांदा खोटं बोलले तिच्याशी.

कोणाला हे झालंय का? किती दिवसांत बरं झालं? सीट आणि ग्लोव्हज बदलून सायकल चालू ठेवली तर चाललं, की पूर्ण थांबावंच लागलं? आणि मुख्य म्हणजे, ज्यांनी ट्रिप उभी केली, 8 महिने नकाशे घेऊन बसले, त्यांना तुम्ही एसटीने या असं कोणत्या तोंडाने सांगू? ग्रुपमधली पोरं म्हणतात त्यांचं ते बघतील, मोठे आहेत. मला ते पटत नाहीये.

अपडेट (रात्री 11:40): प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ज्यांनी कागदाची टेस्ट (त्या नसेमुळे हाताची पकड कमी झालीय का ते बघायची) सुचवली त्यांचे तर खूपच. भावोजी पाणी प्यायला उठले होते, तेव्हा वहीचं पान दिलं, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे धरा म्हटलं आणि मी ओढलं. डाव्या हातातलं फाटलं पण सुटलं नाही. उजव्यातलं अलगद निघून आलं. ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले, मग म्हणाले, उद्या तुम्ही निघा. मी म्हटलं मी तुमच्याबरोबर येते, त्यावर नाही म्हणाले नाहीत.

तर आता प्रश्न एवढाच उरलाय. सकाळी चिपळूणला जाऊन डॉक्टरांना दाखवायचं आणि तिथूनच कोकण रेल्वेने परत. गुहागर ते चिपळूण एसटीत 2 सायकली घेतात का, का छोटा टेम्पो करावा लागेल? आणि चिपळूण स्टेशनवर सायकल पार्सलला टाकायची तर गाडीच्या किती आधी पोचावं, पुढचं चाक काढून द्यावं लागतं का? कोणी हल्लीच केलं असेल तर प्लीज सांगा, मी जागीच आहे.