शिळ्या कढीला ऊत की उकळी?

रविवारी सकाळी नेहमीचे चौघे मिसळीला बसलो होतो. रस्सा यायला वेळ होता म्हणून पेपर उघडला, तर पहिल्याच पानावर लासलगावचा कांदा. एकाने पेपर घडी करून बाजूला टाकला : "झालं. शिळ्या कढीला परत उकळी."

"उकळी नाही रे, ऊत."

"एकच ते."

"एकच कसं? चहाला उकळी येते, दुधाला ऊत येतो."

पाव संपेपर्यंत हेच चाललं. मी लिहितो-बिहितो म्हणून पंच मला केलं, आणि मला धड काही सांगता आलं नाही. तर दोन प्रश्न. ऊत आणि उकळी यांत फरक काय? आणि म्हणीत कढीच का? आमटी का नाही? मिसळीचा रस्सा तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो.

पंचवटीकर : फरक सोपा आहे. उकळी भांड्यात राहते, ऊत भांड्याबाहेर निघतो. पाणी तासभर उकळलं तरी त्याला कोणी ऊत म्हणत नाही. दूध मात्र फेसासकट काठावरून खाली येतं, ते उतू जाणं. कहाण्यांमधलं 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' हे तेच उतणं, फक्त माणसाचं. अंगात आलेलं बळ किंवा पैसा काठ सोडून वाहायला लागला की माणूस उतला. अफवांना ऊत येतो तोही याच अर्थाने. म्हणीत ऊतच बरोबर, तुमच्या मित्राला माझ्यातर्फे एक पाव जास्त द्या.

लिहिताना ऊत दीर्घ, उतू ऱ्हस्व. ऊस-उसाचा, ऊन-उन्हात, तसंच.

प्रश्नकर्ता : पाव दिला. कढीचं राहिलं.

गंगापूर रोडची काकू : कढीचं मी सांगते, कारण तुम्हा पुरुषांपैकी कोणी ती केलेली दिसत नाही. कढीला ऊत *येऊ द्यायचा नसतो*. ताकात बेसन कालवायचं, आलं-मिरची वाटून लावायची, तुपाची जिरं-कढीपत्त्याची फोडणी, आणि मंद आचेवर एकसारखं ढवळत राहायचं. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. माझ्या सासूबाई तर मीठही शेवटी घालायच्या. हयगय झाली की कढी फुटते, चोथा वेगळा आणि पाणी वेगळं. बेसन असतं म्हणून ती निदान थोडीफार दम धरते, नुसतं ताक तापवून बघा काय होतं ते.

आता हीच कढी रात्रभर राहिली तर बेसन तळाशी बसतं, वर निवळ येते, आंबटपणा वाढलेला असतो. अशी कढी घाईघाईने मोठ्या आचेवर ठेवली तर उरलीसुरली चवही जाते. आमटी दुसऱ्यांदा उकळली तर आटून दाट होते, बिघडत नाही. म्हणून म्हणीत कढी असावी. जुना विषय पुन्हा काढणं हा तिचा रूढ अर्थ, पण काढून तो आणखी बिघडवणं हाही मला त्यात दिसतो.

प्रश्नकर्ता : काकू, हे कोणत्याच वर्गात सांगितलं नव्हतं. आम्ही आपलं 'जुन्या गोष्टी उकरून काढणे' लिहून गुण घेतले.

अंबडची सेकंड शिफ्ट : काकूंचा अर्थ आमच्या कारखान्यात चपखल बसतो. दर सोमवारी मीटिंग, दर सोमवारी गेल्या दिवाळीतल्या रिजेक्शनचा माल. तेव्हा कोण मशीनवर होतं, कोणी सही केली. मीटिंग सुरू होताना दोघांत अबोला असतो, संपताना चौघांत. ही शिळी कढी. पण त्याच मीटिंगमध्ये साहेब तोच सुरक्षेचा तक्ता दर आठवड्याला वाचतात, त्याला मी शिळी कढी म्हणणार नाही. ते नुसतं पाट्या टाकणं. (पाटी म्हणजे माती वाहायची टोपली. आमच्यातल्या एका पोराला वाटायचं की दुकानाची. पाट्या मोजून मजुरी, मग माती कुठे पडते ते कोण बघतो.)

पंचवटीकर : आणि 'उगाळणे' वेगळं. तेच तेच उगाळलं तरी चंदन झिजतं, फुटत नाही.

जाता जाता कढीची भावकी. संस्कृत क्वथ् म्हणजे उकळणे, त्यातून कढणे. लोणी कढवतो ते, कढत पाणी, सर्दीचा काढा, मनात दाटून येतो तो कढ, सगळे सख्खे. कढई मात्र या घरातली नाही, ती कटाह या भांड्याच्या नावावरून आली. शेजारी राहते एवढंच.

जळगावहून नाशकात : आमच्याकडे फुनक्यांबरोबर (डाळीचे वाफवलेले मुटके) कढी लागतेच, आणि आम्ही ती चांगली उकळतो. फुटत नाही. बेसन हात राखून घालू नका.

गंगापूर रोडची काकू : मग ती कढी नाही, पिठलं आहे.

पंचवटीकर : पेपरवाल्यांबद्दल एक तक्रार. हल्ली सगळ्या चर्चांना 'उधाण' येतं. उधाण समुद्राचं. आपल्याकडे समुद्र कुठे? आपल्याला पूर कळतो, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर गंगेवरची, म्हणजे गोदाकाठची, दुकानं हलतात. पावसाळ्यात 'गंगापूर धरणातून विसर्ग' हा मथळा आला की माझी नात विचारते, आजोबा, शब्दाच्या शेवटी दोन टिंबं देतात तो का? तिला सांगितलं, हो तोच. सोडणं हाच अर्थ. तिथे श्वास सोडतात, इथे क्युसेकने पाणी.

प्रश्नकर्ता : मूळ भांडणाचा निकाल मित्राला कळवला. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो : "काकूंना सांग, कांदा शिळी कढी नाही, मी चुकलो. भाव चढला की 'कांद्याने ग्राहकांना रडवलं', पडला की 'शेतकऱ्याला रडवलं'. मथळा तोच, रडणारा दर वेळी वेगळा. याला काय म्हणायचं ते विचार."

जळगावहून नाशकात : आधी पिठल्याचं मिटवा.