मदत हवी आहे: पवना धरणाजवळ निवृत्तीनंतर राहण्यासाठी प्लॉट

पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतोय. मुलुंडचा फ्लॅट ठेवून मावळात, पवनेच्या काठी छोटं घर बांधून दोघांनी कायम राहायचं ठरवतोय. वीकेंड होम नको, भाड्याने द्यायचंही नाही.

एजंटने ५ गुंठ्यांचा प्लॉट दाखवलाय. सातबारावर १४ नावं, जमीन शेतीची. माझ्याकडे शेतकरी दाखला नाही. तो म्हणतो, "काका, आत्ता साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करू, एनए (बिगरशेती) झालं की खरेदीखत." इतकं सोपं असतं तर कशाला हवं होतं! ऑनलाइन सातबारा आणि जुने फेरफार काढलेत, वकिलांशी अजून बोललो नाही.

तीनदा जाऊन आलो. बुधवारी टिटवीचा आवाज ऐकू येत होता. शनिवारी पलीकडच्या टेंटवाल्यांचा डीजे रात्री एकपर्यंत. मे महिन्यात पाणी इतकं मागे गेलं होतं की कुंपणापुढे नुसता भेगाळलेला चिखल, आणि शेजारच्या बंगल्यात टँकर रिकामा होत होता. बायकोला बीपी आहे, त्यामुळे रात्री दवाखान्यासाठी कामशेतपर्यंतचा रस्ताही बघावा लागतोय.

लोणावळा-खंडाळा सुचवू नका, बजेट ३५ लाख, बांधकाम धरून.

तिथे बारमाही राहणाऱ्यांना विचारतो: एप्रिल-मेमध्ये बोअरला पाणी टिकतं का? आणि धरणासाठी संपादित झालेल्या जमिनीची हद्द प्लॉटमध्ये येत नाही, हे साठेखताआधी मोजणीच्या नकाशावरून कळतं, की पाटबंधारे खात्याकडून वेगळं लेखी घ्यावं लागतं?